घोडी मिळाली, नालबंद सापडेना

बाबांनी लक्ष्मीला, आमच्या टांग्याच्या घोडीला, विकलं ते १९९२ साल. मला तेव्हा वीजमंडळात लागून दोन वर्षं झाली होती. आदल्या वर्षीच्या नाशिकच्या सिंहस्थात टांग्याने शेवटचे बरे दिवस पाहिले. रामकुंडावर जाणाऱ्या बायाबापड्यांना रिक्षात कोंबून बसण्यापेक्षा टांगा बरा वाटायचा, गाठोडी-वळकट्या मागे बांधता यायच्या. मेळा उठला आणि पंचवटी कारंजावर दुपारपर्यंत उभं राहूनही भवानी होईना. एके दिवशी संध्याकाळी बाबा पायीच घरी आले. खांद्यावर फक्त साज होता. आईने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घोडी एका वरातवाल्याला दिली, हे मला आठवड्याने कळलं.

तो साज मी जपून ठेवला असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे तो पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहिला, घर बदलताना दोनदा भंगारात जाता जाता वाचला. मे २०२३ मध्ये मी निवृत्त झालो आणि जूनमध्ये ट्रंक उघडली. चामडं पापडासारखं झालेलं. डोळ्यांवरची झापडं हातात घेतली तर कडेचा तुकडाच निघून आला. पितळेची घुंगरं मात्र चिंचेने घासली तर लख्ख झाली. घुंगरं घासत बसलेला नवरा पाहून बायकोने ओळखलं.

"अहो, घोडं आणायचं मनात असेल तर आत्ताच सांगा. मी शेळ्या विकून टाकते."

शेळ्या विकल्या नाहीत ते बरं झालं. का, ते पुढे येईल.

गिरणाऱ्याच्या पुढे आमचे २५ गुंठे आहेत. तीन खोल्या, विहीर, शेळ्यांचा गोठा आणि कधीमधी लावलेले टोमॅटो. जागेचा प्रश्न नव्हता. पैसा फंडाचा होता. मुलगा पुण्याला. मला वाटायचं, घोड्याचं मला सगळं येतं. आठव्या वर्षापासून मी लक्ष्मीला खरारा केला, भल्या पहाटे तिच्या उघड्या पाठीवर बसून गोदेवर नेलं, तोबरा बांधला, लीद काढली. एकतीस वर्षं गेली म्हणून काय झालं, पोहणारा पोहणं विसरतो का?

हात विसरले नव्हतेच. पण पोहायला नदी लागते, ती आटली होती. याचा पत्ता मला घोडी दारात आल्यावर लागला.

घोडी घ्यायची तर सारंगखेड्याला, हे ठरलेलं होतं. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. तिथे दत्तजयंतीपासून यात्रा भरते आणि यात्रेला घोडेबाजार. त्या वर्षी दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठकुठची जनावरं. कान आत वळून टोकं एकमेकांना टेकणारी मारवाडी आणि काठियावाडी, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरा, हलगीवर नाचणारे. ज्यांच्याभोवती मोबाइल घेऊन माणसं दाटलेली असतात ते घोडे बहुतेक वेळा विकायला आणलेलेच नसतात. मालकाला आकडा विचारायचा, त्याने तो सांगायचा, दोघांनी खूश व्हायचं. माझ्यासारख्याचा बाजार मागच्या रांगांमध्ये.

पहिल्याच दिवशी एका कुमैत घोडीवर जीव गेला. लक्ष्मीचाच रंग, तशीच मान. वाळूत तिला पळवून दाखवली, बाणासारखी गेली. बाबांचं एक वाक्य वेळेवर आठवलं: "मऊ जमिनीवर सगळीच घोडी चांगली." मी म्हटलं, डांबरी रस्त्यावर दुडकी चालवून दाखवा. दलालाने आढेवेढे घेतले, शेवटी चालवली. प्रत्येक दुसऱ्या पावलाला डोकं वर उचललं जात होतं. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडं डोकं वर झटकतं, म्हणजे भार कमी पडतो. उजवा पुढचा पाय गेलेला होता. मी हात जोडून निघालो. दलाल मागून म्हणाला, "चाचा, ठंड की वजह से है." असेलही.

घेतली ती दुसरीच. तांबूस बदामी, कपाळावर बोटभर पांढरं, उंची ५७ इंच. मालक म्हणाला, पाच वर्षांची. मी ओठ वर करून पाहिलं. घोड्याच्या वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर, म्हणजे समोरच्या दातांतल्या सगळ्यात बाहेरच्या दातावर, साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक तपकिरी रेघ दिसायला लागते. वर्षागणिक ती खाली उतरते, पंधराव्या वर्षी अर्ध्या दातावर येते. हिची पाव दातावर होती. म्हणजे पाचाची बारा. मी तसं बोलून दाखवल्यावर मालक हसला आणि बाराचीच बोलणी सुरू झाली. मला बाराचीच हवी होती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने तीन वर्षांचं शिंगरू घेणं म्हणजे दोघांच्याही हाडांशी वैर.

शिवाय तिच्यात एक खोट होती. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. घोडेवाले त्याला आंसूढाळ म्हणतात, मालकाला रडवते असा समज. कंठावरचा देवमण भोवरा जितका भाव चढवतो तितका हा पाडतो. उपरण्याखाली बोटं दाबली गेली आणि ७८ हजारांवर सौदा ठरला. बाबांचा भोवऱ्यांवर पुरता विश्वास होता. मी वीजमंडळात बत्तीस-तेहतीस वर्षं काढलेला माणूस, माझा विश्वास अर्थिंगवर. नाव काय, तर बिजली. त्या रांगेत पाच बिजल्या असतील. मी बदललं नाही, मला ते शोभतंच.

सौदा करण्याआधी दोन दिवस मी तिला वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिलं, त्यातलं एकदा पहाटे दाणा देण्याआधी. भुलीचं काही टोचून जनावर गरीब बनवतात, त्याचा अंमल बहुधा पहाटेपर्यंत टिकत नाही. रक्ताचा नमुनाही घ्यायला लावला. ग्लँडर्स नावाचा रोग आहे, घोड्यागाढवांचा. माणसालाही होतो. जनावराला त्यावर इलाज नाही, निघाला तर कायद्याने मारावंच लागतं. आमच्या लहानपणी 'नाकातून वाहतंय' एवढंच ऐकलं होतं. आता हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे तपासणी होते. अहवाल येईपर्यंत मी तिला दुसऱ्या जनावरांजवळ बांधली नाही आणि तिचं पाणी, बादली, खरारा सगळं वेगळं ठेवलं. अहवाल चांगला आला. बाजारात शंभरातले किती जण हे करतात, विचारू नका.

जनावरांच्या डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला घेऊन पिकअपमधून निघालो. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. खाली वाळू आणि त्यावर गवत अंथरलं. मालेगावला आणि राहुड घाट चढून आल्यावर थांबून पाणी दाखवलं. दोन्ही वेळा तिने तोंड फिरवलं. घरी विहिरीचं पाणी मात्र घटाघट दीड बादली प्यायली आणि मग जी खिंकाळायला लागली ती रात्रभर.

पहिले चार दिवस आमच्या वस्तीवर कुणी झोपलं नाही. मी चक्रावलो. लक्ष्मी कधी अशी ओरडली नव्हती. मग उमगलं की लक्ष्मी एकटी कधी नव्हतीच. दिवसभर स्टँडवर सात-आठ टांगे, रात्री आमच्या वाड्यात शेजारच्या दोघांची घोडी. घोडं कळपाचं जनावर आहे हे मला माहीत असायचं कारणच पडलं नव्हतं, कारण कळप आयता होता. पाचव्या रात्री बायकोने काही न बोलता एक शेळी सोडली आणि बिजलीच्या शेजारी नेऊन बांधली. दहा मिनिटांत चिडीचूप. ती शेळी अजून तिथेच असते. रुबाब असा की घोडी तिची आहे.

मग एकेक आठवत गेलं. रस्त्यात दगडी हौद असायचे, घोड्याने तोंड घालावं आणि पुढे जावं. गवतबाजार होता, सकाळी डोईवर भारे घेऊन आदिवासी बाया यायच्या. चण्याचा चुरा आणि कोंडा देणारा दुकानदार होता, महिन्याची उधारी चालायची. पट्टा तुटला तर समोरच मोची. आणि स्टँडच्या झाडाखाली नालबंद. बाबा टांगा सोडायचे, घोडी वीस पावलांवर नेऊन उभी करायचे आणि चहा संपेपर्यंत नाल बसलेली असायची. आम्ही घोडं पाळतो असं म्हणायचो, पण आख्खी गल्ली ते पाळत होती. एका घोड्यामागे आठ-दहा माणसांचं पोट होतं आणि त्या आठ-दहा माणसांच्या जीवावर ते घोडं उभं होतं. रिक्षा आल्या तेव्हा एकटा टांगेवाला बुडाला नाही.

गवत मिळालं. त्र्यंबकच्या डोंगरातलं गवत या बाजूला मुबलक, पावसाळ्यानंतर कापलेलं घेऊन मी खोलीभर गंजी रचली. ज्वारीचा कडबा, थोडी लसूणघास, दिवसाला दोन किलो भिजवलेला हरभरा आणि कोंडा. पहिल्याच आठवड्यात सगळं बदललं नाही. सारंगखेड्याहून चार पोती तिचं सवयीचं खाणं आणलं होतं, त्यात नवं रोज मूठमूठ वाढवत दहा दिवस घेतले. महिन्याचा खर्च नऊ हजारांच्या घरात जातो. बायको हिशेब लिहिते. वहीवर 'बिजली बिल' असं शीर्षक आहे.

नालबंद मात्र सापडेना.

बाजारातून आली तेव्हा चारही पायांना नाला होत्या. सातव्या आठवड्यात पुढच्या डाव्या नालेचा खिळा सैल झाला, टकटक वाजायला लागला. खूर आपल्या नखासारखं वाढतं, सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून तासून पुन्हा बसवावी लागते. मी नाशकातले वरातीचे घोडेवाले गाठले. एकाने सांगितलं, आम्हीच ठोकतो. त्याच्या घोड्याचे पाय पाहिले आणि नमस्कार केला. गावात बैलांना पत्री मारणारे एक बाबा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फार सरळ उत्तर दिलं. "बैलाचं खूर दुभंगलेलं, त्याला दोन पत्र्या लागतात आणि त्याला पाडून मारतो. तुमचं जनावर उभ्याने ठोकायचं. एक खिळा आत गेला तर घोडी लंगडी करून ठेवीन मी. नको." अशी नाही म्हणणारी माणसं भेटायला भाग्य लागतं.

या शोधात महिना गेला. नाल मीच पकडीने उपसली. बाकीच्या तीन तशाच राहिल्या, एक पाय बुटका आणि तीन उंच अशी घोडी दारात उभी. मला रात्री झोप लागेना. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव तुटला ती गोष्ट दारात होती, आणि मला सारखं वाटत होतं की बाबा वरून बघतायत आणि म्हणतायत, आधी नालबंद शोधायचा गाढवा, मग घोडी.

शेवटी बँडवाल्याच्या ओळखीच्या वरातवाल्याच्या साडूकडून एका नालबंदाचा नंबर मिळाला. सिन्नरच्या पलीकडे राहणारे, सत्तरीचे. नातू मोपेडवर घेऊन आला. त्यांनी आल्या आल्या घोडीला नाही, मला पाहिलं. मग खाली बसून प्रत्येक खुरावर तळहात ठेवून राहिले, आपण मुलाचा ताप बघतो तसे. "गरम नाही. बरंय. पंजा लांबलाय आणि टाच दबलीय. दीड महिना उशीर केला तुम्ही." मी मुकाट्याने ऐकून घेतलं. नाला उतरवल्या, सुरीने तासलं, कानस मारली. मग म्हणाले, डांबरावर नेत नाही ना? मग नाल नकोच. नुसतं दीड-दोन महिन्यांनी तासत जाऊ. मी वाद घालणार होतो, कारण बिननालेचं घोडं मी पाहिलेलंच नव्हतं. आमची घोडी दिवसभर डांबरावर, म्हणून नाल. हिची जमीन मऊ. एवढी साधी गोष्ट.

चहा घेताना त्यांनी विचारलं, कुठल्या स्टँडचे तुम्ही? मी सांगितलं. "पंचवटी? तिथे माझे मामू बसायचे." मामूंचा चेहरा मला आठवत नाही. तोंडात खिळे धरलेले असायचे, ते आठवतं.

आता बसण्याविषयी. हा भाग लवकर उरकतो, कारण तो फारसा अभिमानाचा नाही. जुळवून आणलेलं खोगीर टाकलं, तंग ओढला आणि पहिल्या दिवशी शेताला दोन फेऱ्या मारल्या. मांड्यांची पुढे चार दिवस वाट लागली. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकची पिशवी उडाली आणि मी टोमॅटोच्या वाफ्यात. लागलं नाही, मातीने वाचवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घेतलं. तिला तर दरवर्षीचं ठरलेलंच, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

पडल्याचं काही नव्हतं. त्याहून वाईट एक गोष्ट टेपने सांगितली. घोड्याला काट्यावर चढवता येत नाही, तेव्हा छातीचा घेर दोनदा आणि अंगाची लांबी एकदा गुणायची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि ११,८८० ने भागायचं. आलं ते वजन किलोत. हिचा घेर १६२, लांबी १४८. उत्तर ३२७ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा एक ठोकताळा आहे. म्हणजे ६५ किलो. मी ८४. खोगीर सात. कागद पुन्हा पुन्हा तपासला, बिलाचं रीडिंग चुकलंय असं म्हणणाऱ्या ग्राहकासारखा. मग सहा महिने भाकरी अर्धी केली, रोज तिला घेऊन पायी चाललो, ७५ वर आलो. याच्या खाली माझी हाडंच जाणार नाहीत.

घोडी घेतली ती बसण्यासाठी, आणि बसायचा मला हक्क नाही. चार दिवस फार उदास गेले. बायको वही लिहीत म्हणाली, "तुमचे बाबा कधी घोडीवर बसलेले मी ऐकलं नाही."

खरंच. बाबा आयुष्यात घोडीवर बसले नाहीत. घोडं पाठीवर जेवढं पेलतं त्याच्या कितीतरी पट सपाट रस्त्यावर चाकांवरचं ओढतं. टांगेवाल्याचा पोरगा मी, आणि एवढ्या वर्षांत स्वप्नात मात्र नेहमी रिकिबीत पाय घालूनच घोड्यावर बसत होतो.

जुपायचं ठरलं. पण बिजलीला जुपलेलं नव्हतं कधी. मालक म्हणाला होता, "सब करती है." बाजारात सगळी घोडी सगळं करतात. मग पावसाळाभर मी तिच्या मागून चाललो, दोन लांब दोऱ्या हातात घेऊन, शेजारच्यांच्या करमणुकीसाठी. चल, थांब, डावी, उजवी. मग पाठीवर पट्टे. मग जुन्या स्कूटरचा टायर दोरीने मागे ओढायला. टायर पहिल्यांदा खरडला तेव्हा तिने जी दुगाणी झाडली ती माझ्या कानाजवळून गेली. त्यानंतर मागे उभं राहायचं अंतर मी विसरलो नाही.

दसऱ्याची रात्र याच्या मधली. १२ ऑक्टोबर २०२४. दसऱ्याला घोड्याची पूजा करतात. आमच्याकडे टांगा होता तेव्हा झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुरणाची पोळी. मी तेच केलं, पोळीचा घास दिला. सगळ्या वस्तीतल्या बायाही ताट घेऊन येणार, प्रत्येकीची पोळी, कुणाचा गूळ, कुणाचा भात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी आपट्याची पानं वाटत गावात फिरत होतो. रात्री नऊला परत आलो तर बिजली पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मग खाली बसली, उठली, पुन्हा लोळली.

घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, नाहीतर पोट फुगून जनावर जातं. आमच्या बाजूचे डॉक्टर तरुण, दिवसभर गाईंची कामं. ते लगेच आले. आल्यावर म्हणाले, "काका, कॉलेजनंतर मी घोड्याला हात लावलेला नाही." मला त्या वाक्याने धीरच आला. त्यांनी पुण्याला एका मित्राला फोन लावला, जो रेसच्या घोड्यांचं बघतो, आणि फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी मिळून तिला तपासलं. जबड्याखालची नाडी मिनिटाला ६४. निवांत घोड्याची तीस-चाळीस असते. कुशीला कान लावला तर आतडी गप्प. पलीकडून प्रश्न आला, वजन किती? मी म्हटलं, ३२७. ज्या आकड्याने माझं खोगीर खुंटीवर टांगलं त्यानेच त्या रात्री इंजेक्शनचं माप ठरवलं. नाकातून नळी घालून आधी पोटातलं काही परत येतं का पाहिलं, मग तीन लिटर पॅराफिन तेल. नंतर तिला चालवत राहायचं, थोडं चालवायचं, थोडं उभं करायचं.

शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. "सांगितलं होतं, डोळ्याखाली भोवरा आहे."

"आजी, पोळी कुणी दिली?" मी विचारलं. आजी घरात गेल्या.

पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. मी बॅटरी मारून ती पाहिली, डॉक्टरांनी पाहिली, फोनवर पुण्याला कळवली. तीन शिकलेली माणसं लिदेवर इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती. तेव्हापासून तबेल्याच्या दाराला पाटी आहे: काही खाऊ घालू नये, मारते. मारत नाही, पण एवढं खोटं बोलावं लागतं.

बाबांकडे अशा वेळी नालबंदाचा कसलासा काळा मसाला असायचा. तो घशात ओतून घोडी फिरवायचे. काही उठायची. आमची एक उठली नव्हती, मी सहावीत असताना. त्या घोडीचं नाव घरात कुणी घेत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

गाडी मी जुना टांगा शोधून केली नाही. शोधला होता. एक मिळालाही, एका हॉटेलच्या दारात, आत कुंड्या ठेवलेला. शेवटी गिरणाऱ्याच्या वेल्डरकडून दोन चाकांची हलकी गाडी करून घेतली, मोटारसायकलची चाकं, हातब्रेक, मागे लाल रिफ्लेक्टर. तो विचारायचा, काका, दांड्यांची उंची किती ठेवू? मला आकडा माहीत नव्हता. बाबांच्या टांग्याची दांडी माझ्या नवव्या वर्षी खांद्याला लागायची, एवढंच माहीत होतं. तीनदा कापून तीनदा जोडली. साज चपला शिवणाऱ्या एका कारागिराने केला. जुना पट्टा नमुना म्हणून दिला आणि घुंगरं तीच लावली. फक्त त्याने झापडं इतकी मोठी केली की बिजली पुढचंही बघेना. ती पुन्हा केली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर काढली. पहाटे सहाला, टोमॅटोच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी, दीड किलोमीटर जाऊन परत. शेळी गोठ्यातून ओरडत होती. डांबरावर टापांचा आवाज आला आणि मला एकदम चहाचा वास आला, स्टँडवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा. तिथे चहा नव्हता. रस्त्याने दूध घालायला निघालेला एक जण गाडी थांबवून म्हणाला, "काका, स्टेशनला सोडता का?" चेष्टेत. तो तिशीचा असेल, त्याने टांगा पाहिलाही नसेल, तरी त्याला काय विचारायचं ते माहीत होतं.

धंदा करणार का, असं बरेच जण विचारतात. वरातीचे तर रोज फोन येतात. नाही करणार. डीजेच्या भिंतीसमोर तिला तासभर उभी करायची तर तिने आपल्याला मारावं हेच बरं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या तेव्हा आमच्या जुन्या मंडळींनी हळहळ केली. मला गाडीवानांचं वाईट वाटलं, निकालाचं नाही. तापल्या डांबरावर दहा तास उभ्या घोडीचे पाय संध्याकाळी कसे असतात ते मी चोळलेत.

पहाटेचा तो दीड किलोमीटर आता चार झालाय. चार किलोमीटर डांबर म्हणजे नाला पुन्हा आल्या. मार्चपासून पुढच्या पायांना, मे महिन्यापासून चारही. त्यामुळे नालबंदबाबांवाचून पुन्हा चालत नाही. गेल्या खेपेला त्यांचे हात थरथरत होते. खिळा धरताना त्यांनी नातवाला खूर उचलायला लावलं, ठोकला मात्र स्वतःच. नातू मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स करतो. मी त्याला म्हटलं, दोन वेळा माझ्यासमोर तासून बघ, पैसे मी देतो. तो हसला आणि आजोबांकडे बघत राहिला. आजोबा काही बोलले नाहीत.

आज सातवा आठवडा लागला. मागच्या उजव्या पायाची टकटक कालपासून सुरू आहे. नालबंदबाबांचा फोन दोन दिवस लागत नाही, नातवाचा वाजतो पण उचलत नाही. गाडी काढलेली नाही. तिला आज नुसती शेतात सोडलीय. उद्या पहाटे सिन्नरला जाऊन येतो.